खासगी गुप्तहेर : काय करतो, काय करत नाही

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात 'आपले व्यवसाय, आपले अनुभव' या विषयावर झालेलं भाषण)



माझ्याआधी आपला डॉक्टर मित्र बोलला, द्राक्षबागायतदार मित्र बोलला, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली मैत्रीण बोलली. त्यांचं काम काय असतं हे सगळ्यांना माहीत आहे. माझं काम काय असतं हे कुणालाच नीट माहीत नाही, म्हणून संयोजकांनी मला जेवणाच्या आधी पंधरा मिनिटं दिली आहेत.

आपला व्हॉट्सअॅप ग्रुप झाल्यापासून तिथे माझं नाव 'करमचंद' पडलं आहे. आपण आठवीत असताना, १९८५ साली, दूरदर्शनवर ती मालिका लागायची. त्यातला गुप्तहेर गाजर खात खात गुन्हेगार पकडायचा. त्याच्या आधीच्या पिढीला बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड माहीत होते. या सगळ्या मंडळींनी आमच्या धंद्याला प्रसिद्धी दिली आणि एक मोठा गैरसमजही दिला. तो असा, की गुप्तहेराला काहीतरी खास अधिकार असतात. तो कुठेही घुसू शकतो, कुणाचाही फोन ऐकू शकतो, पोलीस त्याला सलाम करतात. ग्रुपवरून आतापर्यंत तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मला खासगीत फोन आले. कुणाच्या मुलीचं लग्न ठरतंय, कुणाचा भागीदार पैसे बुडवून गेलाय. आणि जवळजवळ प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला : "अरे, त्याचे कॉल रेकॉर्ड तेवढे काढून दे ना."

तेव्हा आज मी एकच गोष्ट सांगणार आहे. माझ्याकडे तुमच्यापेक्षा एकही अधिकार जास्त नाही. 

आपल्या देशात खासगी गुप्तहेराला परवाना देणारा कायदाच नाही. २००५ साली एक कायदा झाला, पण तो सुरक्षा रक्षक पुरवणाऱ्या संस्थांसाठी. २००७ साली राज्यसभेत गुप्तहेर संस्थांचं नियमन करणारं विधेयक मांडलं गेलं. ते कायदा झालंच नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत या कामाला परवाना लागतो. आपल्याकडे माझ्या ऑफिसच्या भिंतीवर जे टांगलेलं आहे ते गुमास्ता प्रमाणपत्र. शेजारच्या स्टेशनरीवाल्याकडेही तेच आहे. जीएसटी तो भरतो, मीही भरतो. त्यामुळे 'सरकारमान्य गुप्तहेर' अशी पाटी कुठे दिसली, तर ती पाटी हाच तुमचा पहिला पुरावा समजा.

परवाना नाही म्हणजे मोकळं रान, असं काहींना वाटतं. उलट आहे. परवाना नाही म्हणजे सूटही नाही. जो कायदा रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला, तोच मला. डोळ्यांदेखत गंभीर, अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडून पोलिसांच्या ताब्यात देण्याचा अधिकार मला आहे. पण तो तुम्हालाही आहे, बाईंनाही आहे.

मग आम्ही करतो काय? साधा नागरिक जे बघू शकतो ते बघतो, जे वाचू शकतो ते वाचतो, जे विचारू शकतो ते विचारतो. फरक इतकाच, की आम्ही ते चिकाटीनं करतो आणि नीट लिहून ठेवतो.

आधी वाचण्याबद्दल सांगतो, कारण निम्मं काम तिथेच होतं. सातबारा आणि फेरफार ऑनलाइन बघता येतात. दस्त नोंदणीची सूची क्रमांक दोन बघता येते. कुणी म्हणाला की मी अमुक कंपनीत डायरेक्टर आहे, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत त्या कंपनीचे संचालक कोण, कंपनी चालू आहे की नोंदणीतून काढून टाकली आहे, हे कुणालाही कळू शकतं. बिल्डरचा प्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर असतो. न्यायालयातले दिवाणी-फौजदारी खटले ई-कोर्टवर नावानं शोधता येतात. पदवी खरी की खोटी ते विद्यापीठाकडे पडताळता येतं. माहितीचा अधिकार २००५ पासून आहेच, फक्त त्यात दुसऱ्याची खासगी माहिती मागितली तर मिळत नाही, आणि मिळूही नये. यातलं काहीही चोरून करावं लागत नाही. लोक मला फी देतात ती बहुतेक वेळा या कागदांपर्यंत जाण्याचा कंटाळा वाचवण्यासाठी.

पण कागद वाचतानाही एक खबरदारी लागते, आणि ती मी याच शाळेच्या प्रयोगशाळेत शिकलो. आठवतंय का, विज्ञानाच्या प्रयोगवहीत रकाने असायचे : साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. निरीक्षणाच्या रकान्यात अनुमान लिहिलं की सर लाल शाईनं काट मारायचे. "निळा लिटमस तांबडा झाला" हे निरीक्षण, "द्रावण आम्लधर्मी आहे" हे अनुमान. तेव्हा वाटायचं, सर उगाच छळतात. आज माझ्या ऑफिसातल्या प्रत्येक अहवालात हे दोन रकाने वेगळे असतात, आणि नव्यानं आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी तेच शिकवतो.

याचं उदाहरण देतो. नावं-गावं अर्थातच सांगणार नाही. एका मुलीच्या वडिलांनी होणाऱ्या जावयाची चौकशी सांगितली. साखरपुडा झालेला होता. त्यांनी स्वतःच ई-कोर्टवर मुलाचं नाव टाकून बघितलं होतं आणि चेक न वटल्याचे दोन खटले त्यांना दिसले होते. नाव तेच, आडनाव तेच, जिल्हा तोच. घरात रडारड सुरू झाली होती. लग्न मोडायचं ठरवूनच ते माझ्याकडे आले होते, मला फक्त शिक्कामोर्तब करायचं होतं. मी म्हटलं, "काका, तुम्हाला नाव दिसलंय, माणूस दिसलेला नाही." वकिलामार्फत तक्रारीची नक्कल काढली. आरोपी पंचावन्न वर्षांचा, पत्ता दुसऱ्या तालुक्यातला. त्याच भावकीतला, त्याच नावाचा दुसरा गृहस्थ. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, एका गावात एकाच नावाची तीन माणसं सहज सापडतात. आठ दिवस उशीर झाला असता, तर एका निरपराध मुलाच्या नावावर कायमचा डाग पडला असता, आणि का पडला हे त्याला कधी कळलंही नसतं. आमच्या धंद्यात चौकशी ज्याची होते त्याला आपली बाजू मांडायची संधी नसते. म्हणून ती बाजू सांभाळायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते.

आता बघण्याबद्दल, म्हणजे पाळतीबद्दल. सिनेमात पाळत फार थरारक असते. प्रत्यक्षात ती म्हणजे उन्हात मोटारसायकलवर सहा तास बसणं आणि चहावाल्याला आपला संशय येऊ न देणं. सार्वजनिक जागेवरून जे कुणालाही दिसतं ते बघायचं, वेळ लिहायची, फोटो काढायचा. कुंपणाच्या आत पाऊल टाकलं की अतिक्रमण. खिडकीतून आत कॅमेरा लावला की प्रकरण फारच वेगळं. स्त्रीचे खासगी क्षण चोरून बघणं किंवा टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. स्त्रीचा पाठलाग करून तिची इच्छा नसताना पुन्हा पुन्हा संपर्क साधायचा प्रयत्न केला, किंवा तिच्या इंटरनेट-ईमेलवर नजर ठेवली, तर कलम ७८ लागतं. गुन्हे रोखण्याची जबाबदारी सरकारनं ज्याच्यावर सोपवली आहे त्याला त्यात अपवाद आहे. आमच्यावर सरकारनं काहीही सोपवलेलं नाही. नवरा आहे म्हणूनही त्यात सूट नाही, हे इथल्या पुरुषवर्गानं लक्षात ठेवावं.

विचारण्याबद्दलही तसंच. शेजाऱ्याला, सहकाऱ्याला, दुकानदाराला प्रश्न विचारता येतात, उत्तर द्यायचं की नाही ही त्यांची मर्जी. पण "मी पोलीस आहे", "मी इन्कम टॅक्समधून आलोय" असं म्हटलं की सरकारी नोकराचं सोंग घेतल्याचा गुन्हा झाला. आमच्या ऑफिसात हा नियम मोडणाऱ्याला दुसरी संधी नाही.

आता तुमच्या आवडत्या प्रश्नाकडे येतो, कॉल रेकॉर्ड. फोन टॅप करणं हा विषय १८८५ च्या तार कायद्यापासून सरकारच्या हातात आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं सरकारलाही बजावलं, की गृहसचिवांच्या पातळीवरच्या आदेशाशिवाय टॅपिंग चालणार नाही, कारण फोनवरचं बोलणं हा माणसाच्या खासगी आयुष्याचा भाग आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. जिथे सरकारला इतकी बंधनं, तिथे पुण्यातल्या एका ऑफिसात बसलेल्या माझ्यासारख्याला ती मुभा कुठून असणार? कुणी कुणाला किती वाजता फोन केला याची यादी पोलिसांना तपासासाठी मिळते, न्यायालय मागवू शकतं. खासगी माणसाला ती मिळायचा सरळ रस्ता नाही. म्हणजे जो "काढून देतो" म्हणतो, तो वाकडा रस्ता वापरतो. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी अशा रेकॉर्डची बेकायदा विक्री केल्याच्या आरोपावरून काही खासगी गुप्तहेरांना अटक केली. ती बातमी आली तेव्हा आमच्या सगळ्या धंद्यालाच हादरा बसला. माझ्याकडच्या दोन क्लायंटनी घाबरून फोन केले, "आपलं काही त्यात नाही ना?" त्या दिवशी मला शांतपणे "नाही" म्हणता आलं, ही माझी या व्यवसायातली मोठी कमाई आहे.

बायकोच्या, नवऱ्याच्या, भागीदाराच्या मोबाइलमध्ये गुपचूप अॅप टाकून मेसेज वाचणं, हीदेखील नेहमीची मागणी. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या फोनमध्ये, कॉम्प्युटरमध्ये शिरणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसतं. लबाडीच्या हेतूनं केलं असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि करणाऱ्याबरोबर करायला लावणाराही अडकतो.

इथे वकील मित्र हात वर करतील, म्हणून आधीच सांगतो. बेकायदा मिळवलेला पुरावा आपल्या न्यायालयात आपोआप बाद होत नाही, हे खरं आहे. मुंबईच्या एका कॉरोनरच्या लाचेच्या प्रकरणात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयानं टेप ग्राह्य धरली होती. जुलै २०२५ मध्ये नवरा-बायकोमधल्या चोरून रेकॉर्ड केलेल्या बोलण्याबद्दलही न्यायालयानं घटस्फोटाच्या दाव्यात ते वापरता येईल असं म्हटलं. पण नीट बघा, तिथे बोलणारा स्वतः त्या संभाषणात होता. तिसऱ्यानं बाहेरून फोन ऐकणं ही वेगळी गोष्ट. आणि न्यायालयानं पुरावा वाचला म्हणजे तो मिळवताना केलेला गुन्हा माफ झाला असं होत नाही. दावा जिंकून तुरुंगात जायचं असेल, तर माझी गरज नाही.

पुराव्याचंही शास्त्र आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे फोटो, व्हिडिओ, मेसेज यांच्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. कोणत्या उपकरणावर घेतला, त्या फाइलची हॅश व्हॅल्यू काय, आणि त्यावर तज्ज्ञाचीही सही. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. शिवाय फोटो काढणाऱ्याला साक्षीला उभं राहावं लागतं. समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "या कामाचे तुम्हाला किती पैसे मिळाले?" तिथे टिकायचं असेल तर वहीत निरीक्षणाचा रकाना स्वच्छ हवा. "दोघं रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी हॉटेलात गेली, अकराला बाहेर आली" एवढंच मी सांगतो. आत काय झालं ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचं मी म्हणत नाही. व्यभिचार हा सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा राहिलेला नाही, पण घटस्फोटाचं कारण अजून आहे. अनुमान काढायचा पगार न्यायाधीशांना मिळतो.

कंपन्यांची कामंही असतात. बनावट माल हे त्यातलं मोठं. बाजारात फिरून आम्ही तो माल पावतीसह विकत घेतो, सील करतो, प्रतिज्ञापत्र करतो. छापा आम्ही घालत नाही. तो न्यायालयानं नेमलेला अधिकारी किंवा पोलीस घालतात. आम्ही बोट दाखवतो, हात लावत नाही.

आता ज्या कामाबद्दल मला तुमच्याशी खरं बोलायचं आहे, ते सांगतो. आपल्या सगळ्यांची मुलं आता पंचविशीच्या आसपास आहेत.

एक गृहस्थ आले. चोवीस वर्षांची मुलगी घर सोडून गेली होती, नोकरी करणारी, शिकलेली. त्यांना पत्ता हवा होता. आवाज शांत होता, पण सोबत आलेले दोन पुतणे शांत नव्हते. अशा वेळी आमचा लेखी नियम आहे, कामाच्या करारातच छापलेला : सज्ञान व्यक्ती सापडली, तर तिचा पत्ता तिच्या संमतीशिवाय दिला जाणार नाही. त्यांनी तो वाचून सही केली. मुलगी सापडायला बारा दिवस लागले. माझी एक सहकारी आणि मी तिला भेटलो, आम्ही कोण आणि कुणी पाठवलं हे सरळ सांगितलं. तिनं लग्न केलं होतं. ती म्हणाली, "मी ठीक आहे एवढं सांगा. पत्ता देऊ नका." आणि आईसाठी चार ओळी लिहून दिल्या.

मी वडिलांना सांगितलं की मुलगी सुखरूप आहे, आणि ती चिठ्ठी दिली. पत्ता दिला नाही. ते खूप बोलले. दुप्पट पैसे देतो म्हणाले. मग, "तुला मुलगी नाही का?" असं विचारलं. मला मुलगी आहे. म्हणूनच दिला नाही. २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं आहे, की दोन सज्ञान माणसांना लग्न करायला घराण्याची किंवा जातीची संमती लागत नाही. आपल्या महाराष्ट्रातही अशा लग्नांचा शेवट रक्तात झाल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. त्या प्रत्येक बातमीत कुणीतरी कुणालातरी पत्ता दिलेला असतो. तो कुणीतरी मी व्हायचं नाही, एवढं मी ठरवलेलं आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी आलं, तरी उत्तर हेच असेल. मैत्री राहील, पत्ता मिळणार नाही.

शेवटी, काम कुणालाही द्या, चार गोष्टी लक्षात ठेवा. करार लेखी करा, आणि पैशांची पावती घ्या. "माहिती कशी मिळवणार?" हे विचारा, आणि उत्तर द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून चहा न पिता उठा. बँकेचं स्टेटमेंट, कॉल रेकॉर्ड, व्हॉट्सअॅप काढून देतो म्हणणारा आज दुसऱ्याचं तुम्हाला विकतोय, उद्या तुमचं दुसऱ्याला विकेल. आणि कोणत्याही गुन्ह्याचा संशय असेल, तर आधी पोलीस ठाणं, मग मी.

लग्नाच्या चौकशीसाठी येणाऱ्यांना मात्र एक सल्ला मी फी न घेता देतो. मुलाला किंवा मुलीला समोर बसवून विचारा. पगार किती, कर्ज किती, आधी काही जमलं होतं का, आजारपण काय. आपल्याकडे पत्रिका मागायला कुणी लाजत नाही, पण पगाराची स्लिप मागायला लाजतात. समोरासमोर विचारलेल्या चार प्रश्नांनी जी कामं झाली असती, ती करून मी घर बांधलं आहे. यापुढे तुमच्या पैशानं त्यावर दुसरा मजला चढवायची माझी इच्छा नाही.

सर, प्रयोगवहीवरच्या त्या लाल काटांसाठी मनापासून आभार. जेवण तयार आहे असं मला इथून दिसतंय. ते गरम आहे हे माझं अनुमान आहे, पडताळणी आपण सगळे मिळून करू.